घरी बनवलेल्या जिगला स्कर्ट नीट कसा बांधायचा?

नमस्कार मंडळी, मदत हवी आहे.

मरळ माशासाठी मी घरीच जिग (शिशाचं डोकं ओतलेला, आमिषासारखा फेकायचा गळ) बनवतो. शिसं ३२७ अंशांना वितळतं, त्यामुळे डोकी ओतणं आता जमलंय (गच्चीवर, वाऱ्याकडे पाठ करून, साचा पूर्ण कोरडा करून). घोडं अडलंय ते स्कर्टपाशी, म्हणजे गळ झाकणाऱ्या झालरीपाशी.

सिलिकॉनच्या साधारण ४० दोऱ्या गळाच्या दांडीभोवती धरून शिवणाच्या दोऱ्याने आवळतो. दिसायला झकास. पण गेल्या रविवारी पानशेतला चौथ्या-पाचव्या फेकीतच सगळ्या एका बाजूला सरकल्या, दांडीची वरची बाजू उघडी! जास्त आवळलं तर दोरा सिलिकॉनमध्ये रुततो आणि दोऱ्या तुटतात. फेव्हिक्विक लावून पाहिलं, सिलिकॉनला ते धरतच नाही.

आता मोटर वाइंडिंगच्या दुकानातून तांब्याची बारीक तार आणलीय. मला वाटतं तारच टिकेल, रबरी कॉलर (स्कर्ट धरून ठेवणारं कडं) उन्हाने चिरते. पण तार किती जाडीची घ्यावी? वेढे किती? अर्ध्या दोऱ्या वर, अर्ध्या खाली ठेवून दोनदा बांधायचं का? पीळ दिलेलं टोक गवतात अडकू नये म्हणून कुठे दाबता?

कुणी स्वतः बांधत असेल तर कृपया फोटोसकट सांगा. पुण्यात असाल तर मी जिग घेऊन भेटायलाही येईन.