करार होता, फौज आली नाही : आर्मेनियाने रशियाचा हात सोडावा का?

नकाशेबहाद्दर
जानेवारी २०२२ मध्ये कझाकस्तानात दंगली उसळल्या. तिथल्या सरकारने हाक मारली आणि दुसऱ्याच दिवशी सामूहिक सुरक्षा करार संघटनेची फौज उतरायला लागली. ही संघटना म्हणजे रशियाच्या पुढारपणाखालची सहा देशांची लष्करी युती. फौज पाठवण्याची घोषणा केली कोणी? आर्मेनियाचे पंतप्रधान निकोल पाशिनियान यांनी, कारण तेव्हा अध्यक्षपदाची पाळी त्यांची होती. आर्मेनियाचे शंभरेक जवानही गेले.

पुढे सप्टेंबरात अझरबैजानने जेरमुकवर तोफा डागल्या. जेरमुक हे वादग्रस्त काराबाखमधलं (कायद्याने अझरबैजानचा, पण आर्मेनियन वस्तीचा प्रदेश) गाव नाही. खुद्द आर्मेनियाच्या हद्दीतलं, गरम पाण्याच्या झऱ्यांसाठी प्रसिद्ध असलेलं ठिकाण आहे. दोन दिवसांत आर्मेनियाने दोनशेच्या आसपास सैनिक गमावले. त्यांनी कराराच्या चौथ्या कलमाकडे बोट दाखवलं, ज्यात एकावरचा हल्ला सगळ्यांवरचा हल्ला मानला आहे. आलं काय, तर पाहणी पथक! नोव्हेंबरात आर्मेनियाची राजधानी येरेवानला या संघटनेची शिखर परिषद झाली, तेव्हा पुतिन शेजारी बसलेले असताना पाशिनियान यांनी जाहीरनाम्यावर सही करायला नकार दिला. फेब्रुवारी २०२४ मध्ये सदस्यत्व गोठवल्याचंही सांगून टाकलं.

माझ्या मते हे बरोबर झालं, फक्त फार उशिरा झालं. दोष एकट्या रशियाचा नाही. गॅसचं जाळं गाझप्रोम या रशियन सरकारी गॅस कंपनीच्या उपकंपनीकडे. रेल्वे २००८ पासून तीस वर्षांसाठी रशियन रेल्वेकडे. ग्युमरीच्या लष्करी तळाची मुदत २०१० मध्ये २०४४ पर्यंत वाढवली. तुर्की आणि इराणच्या सीमेवर पहारा रशियनांचा. युरोपीय संघाशी कराराची बोलणी पूर्ण होत आली होती, तर ३ सप्टेंबर २०१३ ला तेव्हाचे अध्यक्ष सर्गस्यान मॉस्कोला गेले आणि रशियाच्या सीमाशुल्क संघात जायचं ठरवून परतले. एवढं सगळं एकाच्या हवाली केल्यावर त्याला तुमची मर्जी राखायची गरजच काय?

जुना खोंड
अर्धी गोष्ट सांगितलीत. उरलेली मी सांगतो.

आर्मेनिया आणि अझरबैजानचं २०२० चं चव्वेचाळीस दिवसांचं युद्ध झालं ते काराबाखमध्ये आणि भोवतालच्या जिल्ह्यांत. आंतरराष्ट्रीय कायद्याने ती भूमी अझरबैजानची. सुरक्षा परिषदेचे १९९३ चे चार ठराव आहेत. खुद्द आर्मेनियानेही काराबाखच्या प्रजासत्ताकाला कधी अधिकृत मान्यता दिली नव्हती. मग रशियाने कोणत्या कलमाखाली लढायचं? १९९४ च्या शस्त्रसंधीनंतर पंचवीस वर्षं हातात होती. भोवतालचे सात जिल्हे परत करून काही पदरात पाडून घेता आलं असतं. ते राहिलं बाजूला, २०१९ मध्ये हेच पाशिनियान काराबाखच्या राजधानीत, स्तेपानाकेर्तच्या सभेत काराबाख म्हणजे आर्मेनियाच, विषय संपला, असं गरजून आले. समोरच्याकडे तुर्की बायरक्तार आणि इस्रायली हारोप ड्रोन होते. गर्जनेने ड्रोन पडत नाहीत.

आणि रशियाला सोडून जायचं कुठे? जॉर्जियाला विचारा. एप्रिल २००८, बुखारेस्ट. नाटोने लेखी सांगितलं की जॉर्जिया एक दिवस सदस्य होईल. कधी, ते सांगितलं नाही. ऑगस्टमध्ये पाच दिवसांचं युद्ध झालं, देशाचा पाचवा हिस्सा हातचा गेला आणि नाटोचा एक शिपाई आला नाही. या जॉर्जियाने इराक-अफगाणिस्तानात आपली पोरं पाठवली होती.

नकाशेबहाद्दर
काराबाखपुरतं तुमचं मान्य. म्हणूनच मी जेरमुकचं उदाहरण घेतलं, त्यावर तुम्ही एक शब्द बोलला नाहीत.

शिवाय २०२० नंतर काराबाखमध्ये रशियाचे १,९६० शांतिसैनिक होतेच की. डिसेंबर २०२२ पासून त्यांच्या डोळ्यांदेखत काराबाखला आर्मेनियाशी जोडणारा लाचिनचा रस्ता बंद झाला. सप्टेंबर २०२३ मध्ये अझरबैजानने हल्ला करून एका दिवसात सगळं आटोपलं आणि लाखावर आर्मेनियन माणसं गाड्यांच्या टपावर गाद्या बांधून निघाली. तिथे तर कलमाचा प्रश्न नव्हता, सैन्य जागेवर उभं होतं.

डॉक्टरची आई
माझा मुलगा येरेवानला एमबीबीएस करतोय, त्यामुळे तुमचे हे धागे मी जरा जास्तच वाचते. राजकारण मला कळत नाही, पण त्याच्या घरमालकीणबाईंचं सांगते. त्यांचा भाचा २०२० मध्ये गेला. येराब्लूरला, म्हणजे तिथल्या लष्करी दफनभूमीत, दर रविवारी त्या फुलं घेऊन जातात. रशियाचं नाव काढलं की शिव्या देतात, अगदी मुलासमोर. पण त्यांचा स्वतःचा मुलगा रशियात क्रास्नोदारला बांधकामावर आहे, घर त्याने पाठवलेल्या पैशांवर चालतं, आणि संध्याकाळी टीव्हीवर रशियन मालिकाच लागते. २०२२ मध्ये युक्रेनचं युद्ध टाळायला रशियातली तरुण पोरं येरेवानला आली, तेव्हा शहरातली भाडी भराभर चढली. बाईंनी आमचंही वाढवलं! त्या बाईंना विचारा सोडायचं की नाही ते. सकाळी एक उत्तर देतील, संध्याकाळी दुसरं.

तिरकस
तुम्ही दोघं हरणाऱ्याचीच उदाहरणं घेऊन भांडताय. जिंकणाराही सोव्हिएत संघातूनच निघालेला आहे की.

अझरबैजानने १९९९ मध्येच या सामूहिक सुरक्षा कराराला राम राम ठोकला. जून २०२१ मध्ये तुर्कीबरोबर शुशा इथे मैत्रीच्या जाहीरनाम्यावर सही. २२ फेब्रुवारी २०२२ ला त्यांचे अध्यक्ष अलियेव मॉस्कोत पुतिनबरोबर तशाच कागदावर सही करत होते. दोनच दिवसांनी रशियाचे रणगाडे युक्रेनमध्ये घुसले, आणि त्याच वर्षी जुलैत युरोपीय संघ बाकूला, म्हणजे अझरबैजानच्या राजधानीत, जादा गॅस मागायला आला. हत्यारं इस्रायलची, पैसा युरोपचा, भाऊबंदकी तुर्कीशी, सलाम मॉस्कोला. लहान देशाने कुणाची बाजू घ्यावी हा प्रश्नच चुकीचा आहे.

जुना खोंड
@तिरकस, खाली तेल असलं की सगळ्यांनाच मुत्सद्देगिरी सुचते. आर्मेनियाच्या खाली दगड आहेत.

नकाशेबहाद्दर
खोंडसाहेबांशी इथे सहमत, विश्वास बसत नाही.

आर्मेनियाचे चार शेजारी. तुर्कीची सीमा १९९३ पासून बंद, अझरबैजानची बंद. उरले जॉर्जिया आणि इराण. रशियाला माल जायचा तो जॉर्जियातून लार्सच्या घाटाने, एकच रस्ता. हिवाळ्यात बर्फ पडलं की ट्रकांची रांग दिवसेंदिवस हलत नाही. ड्रायव्हर केबिनमध्येच चूल मांडून बसतात. आणि बर्फ नसेल तेव्हा रशियाचे आरोग्य निरीक्षक असतात! रशियाशी खटकलं की शेजाऱ्याच्या मालात अचानक दोष सापडायला लागतात. २००६ मध्ये जॉर्जिया आणि मोल्दोव्हाची वाइन अशीच एका फटक्यात बंद केली होती.

सरळमार्गी
इथे आपला संबंध कुणीच कसा काढला नाही? आर्मेनियाने घेतलेली पिनाक रॉकेट यंत्रणा आपल्या पाषाणच्या संशोधन संस्थेत विकसित झालेली आहे. २०२२ पासून त्यांनी भारताकडून बरीच खरेदी केली. म्हणजे तिसरा पर्याय आहे, मॉस्को किंवा ब्रसेल्स एवढंच नाही.

जुना खोंड
पुणेकर म्हणून छाती फुगली, पण दुकानदार आणि पाठीराखा यांत फरक असतो हो. पाकिस्तान बाकूच्या बाजूने उभा आहे म्हणून आपण येरेवानला माल विकतो. उद्या स्यूनिकमध्ये, आर्मेनियाच्या दक्षिण टोकाच्या प्रांतात, गोळीबार झाला तर दिल्ली निवेदन काढेल, तेही तोलूनमापून.

आता त्या वॉशिंग्टनच्या कागदाबद्दल. ८ ऑगस्ट २०२५ ला ट्रम्प यांनी पाशिनियान आणि अलियेव यांना शेजारी बसवलं आणि स्यूनिकमधून नाखिचेवानला (अझरबैजानचा, पण त्याच्यापासून तुटलेला भाग) जाणाऱ्या रस्त्याला स्वतःचं नाव देऊन घेतलं. नाव दिलं, हमी कुठे आहे? तो रस्ता इराणच्या सीमेला चिकटून जातो. तेहरान चिडलं तर दक्षिणेचं एकमेव दारही लागलं. युरोपने काय दिलं, तर दुर्बिणी घेतलेले बिनहत्यारी निरीक्षक.

नकाशेबहाद्दर
दुर्बिणीवाल्यांना हसू नका. फेब्रुवारी २०२३ मध्ये ते आल्यापासून जेरमुकसारखा हल्ला पुन्हा झालेला नाही. त्यांच्यामुळेच, असं मी म्हणत नाही. पण पाहणारा परका माणूस हजर असला की सकाळी खोटं निवेदन काढणं अवघड जातं, एवढं नक्की.

आणि मी एका रात्रीत सोडा म्हणालोच नव्हतो. २०२४ मध्ये येरेवानच्या विमानतळावरून रशियन सीमारक्षक गेले. १ जानेवारी २०२५ पासून इराण सीमेवरच्या आगाराक नाक्याचा ताबाही आर्मेनियनांकडे आला. मार्चमध्ये युरोपीय संघात जाण्याच्या प्रक्रियेचा कायदा संसदेत मंजूर झाला. रशियाच्या पुढारपणाखालच्या युरेशियन आर्थिक संघातून मात्र ते बाहेर पडलेले नाहीत, सुरक्षा करारातूनही नाही. बेरकीपणा यालाच म्हणतात.

तिरकस
म्हणजे शेवटी माझ्याच मुद्द्यावर आलात.

जुना खोंड
बेरकीपणा हिवाळ्यात बघू. रशियाने गॅसचा भाव युरोपच्या पातळीला नेला तर येरेवान काय जाळणार? इराणचं नाव घेण्याआधी सांगतो, तिकडून २००७ पासून पाइपलाइन आहे. तीही गाझप्रोमच्या त्याच उपकंपनीच्या ताब्यात आहे.