शब्दचर्चा : ‘नाव विकणे’, मानधन, स्वामित्वधन, ख्याती

वेंगुर्ला : ‘बिग बॉस मराठी’तून नाव झालेली व्यक्ती घरच्या मालवणी मसाल्याच्या पाकिटावर स्वतःचा फोटो छापते, तेव्हा सगळे सरसकट ‘नाव विकलं’ म्हणतात. या कमाईला नेमका शब्द कोणता? मानधन म्हणावं का?

रत्नागिरी : नको. मानधन कामाचं असतं: कार्यक्रमात राहिल्याचं, दुकानाच्या उद्घाटनाला आल्याचं, एका जाहिरातीचं. नाटकातली ‘नाईट’, म्हणजे दर प्रयोगाचे पैसे, याच जातीची. काम थांबलं की पैसा थांबतो. बक्षीस आणखी वेगळं. मानधनातून प्रवास, कपडे, मॅनेजर हा खर्च वजा होतो. बक्षिसावर मात्र काहीही वजा न करता 30 टक्के कर, वर उपकर. बक्षीस म्हणून गाडी मिळाली तर आधी कर भरायचा, मग चावी. पाकिटावरच्या नावाचा मोबदला म्हणजे स्वामित्वधन. बोलताना रॉयल्टी म्हटलं तरी चालेल.

देवगड : बागायतदारांना हे लगेच कळेल. कलमांची बाग खंडाने दिली की ठरलेली रक्कम हातात, आंबा धरो न धरो. अर्धेलीने दिली तर जसं पीक तसा वाटा. नावाच्या करारात पुष्कळदा दोन्ही असतं: किमान रक्कम पक्की, वर टक्केवारी.

घोळ होतो तो ‘टक्के कशावर’ इथे. समजा 200 रुपये छापील किमतीचं पाकीट कारखान्यातून 130 रुपयांना सुटतं. 5 टक्के छापील किमतीवर धरले तर 10 रुपये, कारखान्याच्या दरावर धरले तर साडेसहा. आणि ‘नफ्यावर’ लिहिलं असेल तर घरच्यांचे पगार, टेम्पोचं डिझेल, दुकानातून परत आलेला माल हे सगळं वजा होऊन हातात शून्यही येऊ शकतं. घरच्या धंद्यात हे फार होतं, कारण भावाकडे हिशेब मागायला संकोच वाटतो. ‘निव्वळ विक्री’ हाच शब्द घाला आणि तिच्यातून काय काय वजा होणार ते एकेक लिहून काढा.

मालवण : पण मोठी श्रीमंती येते ती मालकीतून. अमेरिकेतलं कार्डाशियन-जेनर कुटुंब बघा. त्यांच्या घरच्या आयुष्यावरचा टीव्ही कार्यक्रम 2007 साली सुरू झाला. आई क्रिस जेनर मुलींची मॅनेजर, घेते 10 टक्के. आपल्या भाषेत ही दलाली. खरी रक्कम आली ती 2019 साली ठरलेल्या सौद्यात: मुलगी कायली हिच्या कायली कॉस्मेटिक्सचा 51 टक्के हिस्सा कोटी या प्रसाधन कंपनीने 60 कोटी डॉलरला घेतला. एवढी किंमत केवळ गोदामातल्या लिपस्टिकची नसते. गिऱ्हाईक पुन्हा येणार या भरवशाचीही असते. बारावीच्या पुस्तपालनात त्यालाच ‘ख्याती’ म्हणतात.

भागीदारी कायदा, 1932 प्रमाणे करारात वेगळं लिहिलं नसेल तर ख्याती पेढीच्या मालमत्तेत धरतात. फोटो बहिणीचा आणि पेढी तिघा भावंडांची असेल, तर हे आधीच ठरवायला हवं. व्यापारचिन्ह (ट्रेडमार्क) तिने स्वतःच्या नावावर नोंदवावं आणि पेढीला फक्त वापराचा परवाना द्यावा. नोंदणी 10 वर्षांची, पुढे नूतनीकरण. नोंदणीचे वर्ग मात्र मालाप्रमाणे वेगवेगळे: लोणचं 29, मसाला 30, कोकम सरबत 32. एकाच वर्गात नोंदवून बाकीचं राहून जातं, आणि तेच नाव सरबताच्या बाटलीवर दुसऱ्या कुणी लावलं तर भांडण अवघड होतं.

वेंगुर्ला : म्हणजे ‘नाव विकलं’ कधी म्हणायचं?

रत्नागिरी : चिन्हाची मालकीच लिहून दिली तर. परवान्याला आपल्याकडे ‘नाव लावायला दिलं’ म्हणतातच, तेच बरोबर.