मदत हवी आहे: थायलंडमध्ये आठवडाभर हत्तींसाठी काम करायचंय, खरं ठिकाण कसं ओळखायचं?

नमस्कार मंडळी,

मी पुण्यात सहकारनगरला राहते. वय 51. लॅब टेक्निशियन आहे, चोवीस वर्षं झाली. बहिणीची मुलगी नोकरीसाठी बँकॉकला असते, नोव्हेंबरात तिच्याकडे तीन आठवडे जाणार आहे. त्यातला एक आठवडा मला हत्तींसाठी द्यायचाय. बघायला जायचं नाही, काम करायला जायचंय. लीद उचलणं, चारा कापणं, जे सांगतील ते.

हे मनात कुठून आलं ते आधी सांगते, म्हणजे माझा प्रश्न नीट कळेल.

आठ-दहा वर्षांपूर्वीची गोष्ट. मे महिना, भर दुपार. सातारा रोडवर एक माहूत हत्तीण घेऊन दुकानादुकानापुढे थांबत चालला होता. मी स्कूटर कडेला लावली, गाडीवरून अर्धा डझन केळी घेतली आणि तिच्यापुढे धरली. तिनं सोंडेचं टोक माझ्या तळहातावर टेकवलं. ओलं, गार, आणि वरच्या बाजूला बोटासारखं एक टोक. त्या बोटानं तिनं एक-एक केळं असं अलगद उचललं की माझ्या हाताला जराही ओढ लागली नाही. मग लक्ष पायांकडे गेलं. डांबर मऊ झालेलं. ती एक पाय उचलायची, टेकवायची, दुसरा उचलायची. मागच्या पायाला साखळीच्या जागी गोल जखम, त्यावर माशा. माहुतानं हात पुढे केला, मी दहाची नोट दिली आणि निघाले. रात्री अंथरुणावर पडल्यावर उमगलं की त्या नोटेनं मी तिची उद्याची दुपारही त्याच रस्त्यावर पक्की करून आले होते.

तेच मला परदेशात जाऊन, मोठी रक्कम भरून पुन्हा करायचं नाहीये.

गेले दोन महिने वाचतेय. थायलंडमध्ये 1988 साली दक्षिणेत मोठा पूर आला, उघड्या डोंगरांवरून चिखल आणि तोडलेले ओंडके गावांवर आले, आणि 1989 मध्ये सरकारनं जंगलतोडीवर बंदी घातली. बंदी योग्यच होती. पण ओंडके ओढणारे हत्ती आणि त्यांचे माहूत बेकार झाले. मग कुणी हत्ती घेऊन शहरात भीक मागायला लागलं, कुणी पर्यटकांना पाठीवर बसवायला लागलं. पाळलेल्या हत्तीचं रोजचं दीड-एकशे किलो खाणं कुणाला तरी भरावंच लागतं, त्यामुळे पाहुण्यांकडून पैसे घेण्याबद्दल माझी अजिबात तक्रार नाही. अडचण अशी की आता अंबारी उतरवून ठेवलेला प्रत्येक जण दारावर ‘आश्रयस्थान’ अशी पाटी लावतो.

दोन ठिकाणी मेल केली. एकाचं उत्तर तासाभरात आलं: नदीत हत्तींना अंघोळ घाला, पिल्लाला मिठी मारा, सकाळी एक तुकडी, दुपारी एक. मला ते वाचून कसंसंच झालं. हत्तिणीचा गर्भ बावीस महिन्यांचा. सुटका करून आणलेल्या, म्हाताऱ्या, थकलेल्या जनावरांच्या जागी सतत गोंडस पिल्लं असतात ती कुठून? आणि ते पिल्लू अनोळखी माणसांना दिवसभर बिनतक्रार मिठी मारू देतं, तर त्याला आधी काय शिकवलं असेल? तिकडे पिल्लाला आईपासून तोडून, कोंडून, मारून वठणीवर आणण्याच्या रीतीला ‘फाजान’ म्हणतात. त्याबद्दल वाचल्यापासून मिठीचे फोटो मला बघवत नाहीत.

घरातही एकमत नाही. माझं सासर कोल्हापूरकडचं. गेल्या वर्षी जुलैत, म्हणजे 2025 मध्ये, नांदणी मठाची महादेवी हत्तीण कोर्टाच्या आदेशानं जामनगरला नेली तेव्हा सासूबाई दोन दिवस नीट जेवल्या नाहीत. ती त्यांच्यासाठी घरचीच होती, सगळे तिला माधुरी म्हणायचे. त्यांची माया खोटी नाही हे मी डोळ्यांनी पाहिलंय. पण मला त्याच वेळी तिचे पाय आणि तिचं एकटेपण दिसत होतं. हत्तिणी कळपात जगणाऱ्या. ह्यांचं म्हणणं, एवढं वाटतंय तर मथुरेला जा, तिथे 2018 पासून हत्तींचं रुग्णालय आहे. बरोबर आहे, आणि मथुरेलाही मला जायचंच आहे. पण बँकॉकला जातेच आहे तर तो आठवडा तरी वाया का घालवू?

आता प्रश्न. सगळ्यात जास्त काळजी आहे ती टीबीची. मी रोज थुंकीचे नमुने हाताळते. टीबी माणसाकडून हत्तीला होतो हे बऱ्याच लोकांना माहीत नसतं. मला खोकला वगैरे काही नाही. टीबीचा संसर्ग शोधणारी इग्रा (रक्ताची) किंवा मॅण्टू (त्वचेची) चाचणी आपल्याकडे कितीतरी निरोगी माणसांची पॉझिटिव्ह येते, तिचा अर्थ जंतू कधीतरी शरीरात शिरला होता एवढाच. म्हणून छातीचा एक्स-रे आणि थुंकीची तपासणी करून जावं असं मी ठरवतेय. तिथे हे विचारतात का? की मीच आपणहून सांगावं?

दुसरं, जुलै 2024 मध्ये आपल्याला साठ दिवस व्हिसाशिवाय जायची सवलत मिळाली होती, पण अशा सवलतीत स्वयंसेवा बसते का? आणि माझा उजवा गुडघा जिने चढताना दुखतो. मला खोटं आश्वासन देऊन तिथे जाऊन कुणावर भार व्हायचं नाहीये.

प्रतिसाद

ताई, मी कोथरूडचा. चिआंग माईच्या उत्तरेला मे तेंगच्या खोऱ्यात एलिफंट नेचर पार्क आहे, लेक चायलर्ट या बाईंनी उभं केलेलं. तिथे मी एक आठवडा होतो.

हत्ती तुमच्याजवळ फारसे येणार नाहीत, हे मनाशी पक्कं करून जा. माझा जास्त वेळ स्वयंपाकघरात गेला. ट्रकमधून कलिंगडं आणि भोपळे उतरवायचे, रांगेत उभं राहून हातोहात द्यायचे, औषध-फवारणी जावी म्हणून हौदात धुवायचे. हत्तीला आयुष्यात दाढांचे सहा संच येतात, शेवटचा झिजला की चावता येत नाही. त्या म्हाताऱ्या हत्तिणींसाठी भात, केळी आणि चिंच कालवून आम्ही हातानं लाडू वळायचो. तुम्ही एका झटक्यात शिकाल, हात बुंदीच्या लाडवासारखाच चालतो. एक दिवस लीद. वाटते तितकी घाण नसते, निम्मं गवतच असतं. मक्याची ताटं कापायला मात्र गुडघा त्रास देईल, तर फॉर्म भरतानाच सांगा, दुसरं काम देतील. जेवण शाकाहारी असतं, तुमची सोय होईल.

खरं-खोटं ओळखायचं तर मी तीन गोष्टी विचारतो. पाहुण्यांनी हत्तीला हात न लावता दिवस जातो का? रात्री हत्ती कुठे आणि कसे असतात, साखळीनं की मोकळ्या आवारात? नर आणि मादी वेगळे ठेवतात की मुद्दाम पिल्लं काढतात? अंघोळीचं आमिष दाखवणाऱ्यांना तर लांबूनच नमस्कार. जानेवारी 2025 मध्ये दक्षिण थायलंडमध्ये हत्तिणीला अंघोळ घालताना एका स्पॅनिश विद्यार्थिनीचा जीव गेला. हत्तीण वाईट नव्हती हो. दिवसभर माणसं अंगाशी आली की कोणतंही जनावर कधीतरी बिथरणारच.

नोव्हेंबर उत्तम. फेब्रुवारी ते एप्रिल अजिबात नको, त्या काळात शेतं आणि रानं पेटवतात, चिआंग माईत धुरानं डोळे चुरचुरतात.

प्रतिसाद

व्हिसाचं सांगते. थायलंडमध्ये पगार घेतला नाही म्हणजे ते काम नाही, असं धरून चालू नका. तुम्ही ज्या संस्थेत जाल तिच्याकडूनच लेखी उत्तर मागा: आमच्या कार्यक्रमाला कोणता व्हिसा लागतो, परवाना लागतो का, लागला तर कोण काढणार. जी संस्था ‘काही होत नाही, पर्यटक म्हणून या’ एवढंच म्हणेल तिथे मी गेले नसते. मे 2025 पासून जाण्याआधी ऑनलाइन अरायव्हल कार्ड भरावं लागतं, तेही विसरू नका. तिथे कुत्रीही खूप असतात, रेबीजची आणि धनुर्वाताची लस डॉक्टरांना विचारून घ्या.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. लाडवांचं वाचून मी सासूबाईंना वाचून दाखवलं. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत, मग म्हणाल्या, चिंच घालतात होय, आणि गूळ?

काल त्या एलिफंट नेचर पार्कला मेल टाकली. तुमचे तिन्ही प्रश्न, व्हिसाचा प्रश्न, गुडघा आणि टीबीचं सगळं खरं खरं लिहिलं. एक्स-रे शनिवारी काढतेय. त्यांनी नको म्हटलं तर वाईट वाटेल, पण ते त्यांचं बरोबरच असेल आणि मी रागावणार नाही. दुसऱ्या ठिकाणाला, त्या मिठीवाल्या, येत नसल्याचं आणि का येत नाही त्याचंही सविस्तर कळवलंय.

आता एकच विचारते. गमबूट इथून घेऊन जावेत का? माझा पाय लहान आहे, चार नंबरचा. तिथे तेवढे मिळतात का?