मोबाइलवरची कस्टम ड्युटी: भुर्दंड नेमका कोणाला?

काटकोन:
बाहेरून तयार होऊन येणाऱ्या फोनवर 2018 पासून 20 टक्के आयात शुल्क होतं. जुलै 2024 च्या अर्थसंकल्पात ते 15 वर आलं. माझं म्हणणं, तेही काढा. कारण हे 15 कधी 15 राहत नाहीत. शुल्काच्या दहा टक्के समाजकल्याण अधिभार, आणि या सगळ्या बेरजेवर 18 टक्के जीएसटी. 100 रुपयांना उतरलेला फोन आधी 143 रुपये 96 पैशांना पडायचा, आता 137 रुपये 47 पैशांना पडतो. करावर कर!

शुल्क उतरलं आणि आठवड्याच्या आत बाहेरून तयार येणारा आयफोन 15 प्रो मॅक्स 1,59,900 वरून 1,54,000 वर आला. इथे जुळणी होणारा साधा आयफोन 15 उतरला फक्त 300 रुपयांनी. शुल्क गिऱ्हाइकाच्याच खिशातून जातं, याला आणखी काय पुरावा हवा?

सोल्डरगन:
दीड लाखाचा फोन घेणाऱ्याची एवढी काळजी कशाला? आज आपल्याकडे विकले जाणारे जवळपास सगळे फोन इथेच जुळतात. पंधरा हजारांचा फोन घेणाऱ्याला तयार फोनवरचं हे शुल्क लागतच नाही. मी स्वतः रांजणगावला जुळणीच्या लाइनवर आठ वर्षं काढली आहेत. शुल्क नसतं तर यातली निम्मी कामं इथे आलीच नसती, असं माझं ठाम मत आहे.

काटकोन:
काम आलं, मान्य. पण स्वस्ताई आली का? आयफोन 14 सप्टेंबर 2022 मध्ये 79,900 ला आला. त्याच महिन्यात त्याची जुळणी इथे सुरू झाल्याचं जाहीर झालं. पुढचं मॉडेल येईपर्यंत कंपनीची किंमत तीच! शुल्क वाचलं ते कुणाच्या पदरात पडलं? आपल्या तर नाही.

सोल्डरगन:
मग आयफोन 15 चा हिशेब करा. अमेरिकेत 799 डॉलर, तेव्हाच्या 83 च्या भावाने 66,300 रुपये. त्यावर आपला जीएसटी धरा, 78,250 होतात. इथली किंमत होती 79,900. म्हणजे इथे जुळलेला फोन जवळपास अमेरिकेच्या भावात मिळत होता, आणि तेही रुपया घसरलेला असताना.

पैलतीर:
तोच हिशेब 15 प्रोला लावते. 999 डॉलर म्हणजे साधारण 83,000. त्यावर तेव्हाचं पूर्ण शुल्क, अधिभार, जीएसटी सगळं चढवलं तरी 1,19,000 च्या आसपास थांबतं. भारतात तो 1,34,900 ला होता. शिवाय शुल्क लागतं आयातीच्या किमतीवर, दुकानातल्या नाही, म्हणजे खरी तफावत याहून मोठी. मी न्यू जर्सीत राहते; दर सुट्टीत भारतातलं कुणी ना कुणी माझ्याकडे तिथून फोन मागवतं. त्यांना वाटतं सगळा दोष सरकारचा. पंधरा हजार तरी सरकारचे नाहीत, हे मी प्रत्येकाला सांगते.

पट्टीवाला:
माझं टीव्ही दुरुस्तीचं दुकान आहे. तुम्ही तयार मालावर भांडताय, सुट्या भागांकडे कुणीच बघत नाही. टीव्हीत सगळ्यात महाग पॅनेल, म्हणजे पडदा, आणि ते बाहेरून आणावं लागतं. 2018 मध्ये त्यावर शुल्क बसलं. व्हिएतनाममधून तयार टीव्ही मात्र आसियान (आग्नेय आशियाई देशांचा गट) सोबतच्या व्यापार करारामुळे शुल्काविना येत होता. सॅमसंगने त्याच वर्षी चेन्नईतलं टीव्हीचं उत्पादन थांबवलं आणि तिकडून आणायला लागले. सप्टेंबर 2019 मध्ये पॅनेलवरचं शुल्क काढलं, ऑक्टोबर 2020 मध्ये 5 टक्के परत लावलं. असं दर वर्षा-दोन वर्षांनी फिरवल्यावर कारखाना उभारणाऱ्याने कशाच्या भरवशावर पैसे घालायचे? आणि पॅनेल फुटलेलं गिऱ्हाईक माझ्या काउंटरवर भाव ऐकून टीव्ही तसाच परत घेऊन जातं.

काटकोन:
पट्टीवाला, सुट्या भागांवर शून्य, याला माझा पूर्ण पाठिंबा. पैलतीर, तुमचे पंधरा हजारही मान्य. पण तयार फोनवरचं 15 टक्के कोणत्या वर्षी किती उतरणार, ते सरकारने आत्ताच लिहून द्यावं.

सोल्डरगन:
लिहून द्या, पण आधी पॅनेल आणि चिप इथे बनू द्या. त्याआधी शुल्क काढलंत तर पहिली लाइन माझी बंद होईल.