मदत हवी आहे : हिमोग्लोबिन ९.४, सायकल बंद. पहाट कशी काढू?

नमस्कार. मी आर्वी तालुक्यातली, जि. वर्धा. वय ३८, अंगणवाडीत काम करते.

दोन वर्षांआधी बाबा गेले तेव्हा झोप उडाली होती. पहाटे चारला डोळे उघडायचे आणि मी तशीच पडून राहायची. भाच्याची गिअरवाली सायकल घरी पडून होती. एक दिवस ती घेऊन तळेगाव रोडवर निघाली आणि तेव्हापासून रोज २५-३० किलोमीटर सुरू झाले. जीव थाऱ्यावर आला तो त्या रस्त्यावरच. यंदा हिवाळ्यात २०० किलोमीटरची ब्रेव्हे, म्हणजे ठरलेल्या वेळेतली लांब सायकलफेरी, करायचं ठरवलं होतं, साडेतेरा तासांत पूर्ण करायची असते.

फेब्रुवारीपासून साध्या चढावर धाप लागायला लागली. जिना चढला तरी छाती धडधडे, केस गळत होते, आणि तांदूळ निवडताना कच्चे दाणे तोंडात टाकावेसे वाटायचे. उन्हाचा त्रास समजून लिंबू-पाणी पीत राहिली. शेवटी रक्त तपासलं. हिमोग्लोबिन ९.४, फेरिटिन (अंगातला लोहाचा साठा) ६, दोन्ही कमी. पाळीत अंगावरून खूप जातं, त्यासाठी पुढच्या आठवड्यात सोनोग्राफी आहे. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या आणि सायकल बंद करायला सांगितली. किती दिवस, ते मी घाबरून विचारलंच नाही.

जेवणाचं खरं सांगते. पहाटे कोरा चहा घेऊन निघायची. परत येऊन सगळ्यांचे डबे, मग अंगणवाडी. पहिला घास अकराला: भाकर, चून, सोबत पुन्हा चहा. रात्री सगळ्यांचं झाल्यावर बसायची, भाजी उरली तर. घरात रोज तीस किलोमीटर सायकल चालवणारी मी एकटी आणि सगळ्यांत कमी जेवणारीही मीच, हे आता लिहिताना दिसलं.

आमच्याकडे माळ आहे, मांस-अंडं शिजत नाही. मग काय खाऊ? हळू चालवलं तर पाच किलोमीटर चालेल का? आणि पहाटेचं काय करू? तीन आठवड्यांपासून पुन्हा चारला जाग येते, बाबा आठवतात, रडू येतं. सासूबाई काळजीनंच म्हणतात, "काऊन जीव काढून राहिली त्या सायकलीपायी?" त्यांना काय सांगू, कळत नाही.

प्रतिसाद (दारव्हा, जि. यवतमाळ)

ताई, मी यातून गेली आहे. आधी चहा जेवणापासून आणि गोळीपासून तास-दीड तास लांब ठेवा, चहा लोह अंगी लागू देत नाही. गोळी लिंबू-पाण्यासोबत घ्या, दुधासोबत नको. शौचाला काळं होईल, घाबरू नका. हिमोग्लोबिन भरलं की गोळ्या सोडायच्या नाहीत, साठा भरायला सहसा आणखी तीनेक महिने लागतात. मी मध्येच सोडल्या आणि पुन्हा तिथेच आली.

गूळ-खजुरावर एवढी कमी भरून निघत नाही. हळीव, तीळ, मोड आलेली मटकी, हरभरे, पालेभाजी खा, वरून लिंबू पिळा. पण आधी पोटभर आणि वेळेवर. शाकाहारी आहात तर बी-१२ तपासून घ्या. पाच किलोमीटरचं डॉक्टरांनाच विचारा, धडधड असताना स्वतःहून नको.

पहाटेसाठी टेली मानस, मनाच्या त्रासासाठीची फोन हेल्पलाइन, १४४१६. सरकारी आहे, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलतात. मी दोनदा लावला होता. मला तिथे रडता आलं.

धागाकर्ती

ताई, खूप आभार. काल रात्री पहिल्यांदा सगळ्यांसोबत ताट वाढून घेतलं. सासूबाईंनी पाहिलं, काही बोलल्या नाहीत, वाटीत वरण मात्र आणखी वाढलं. आज चारला जाग आली तेव्हा सायकलची चेन पुसून तेल घातलं, उजाडल्यावर वावरापर्यंत पायी हळू जाऊन आली. १४४१६ मोबाइलमध्ये टाकून ठेवला आहे. गोळीनं फार मळमळतं, रात्री झोपताना घेतली तर चालेल का आणि पायी किती चालू, दोन्ही सोनोग्राफीच्या दिवशी विचारते. कोणाला अनुभव असेल तर लिहा.