गोठवलेल्या नमुन्यात सीडी१५ वाल्या एमडीएससी दिसतच नाहीत

नवी_पीएचडी:
फुप्फुसाच्या कर्करोगाच्या रुग्णांच्या रक्तातल्या एमडीएससी (टी-पेशींना दडपणाऱ्या मायलॉइड पेशी) मोजतेय. फायकॉलवर (घनतेनुसार पेशी वेगळ्या करणारं द्रावण) वेगळ्या केलेल्या पीबीएमसी (रक्तातल्या एककेंद्रकी पेशी) द्रव नायट्रोजनमध्ये ठेवल्या होत्या. वितळवून फ्लोवर (पेशींवरच्या सीडी१४, सीडी१५ अशा खुणा मोजणारं यंत्र) चालवल्या तर सीडी१४ असलेल्या, एचएलए-डीआर ही खूण कमी असलेल्या पेशी व्यवस्थित दिसतात. सीडी१५ वाल्यांचा मात्र पत्ताच नाही. अँटिबॉडी खराब झाली असेल का? ताज्या रक्तावर तीच छान चालते.

फ्लोवाला:
ताज्या रक्तावर चालते म्हणताय, मग बिचाऱ्या अँटिबॉडीला कशाला बोल लावता? पीएमएन-एमडीएससी, म्हणजे तुमच्या सीडी१५ वाल्या, शेवटी न्यूट्रोफिलच्याच भावकीतल्या. गोठवणं-वितळवणं त्यांना सोसत नाही, मरतात. मोनोसाइटवाल्या, म्हणजे सीडी१४ वाल्या, त्यामानाने तग धरतात. रक्त काढलं की ताज्यावरच स्टेन करा.

नवी_पीएचडी:
बरं. मग ताज्या नमुन्यात पीबीएमसीच्या थरात सीडी१५ दिसलं की एमडीएससी धरायच्या ना? साधे न्यूट्रोफिल तर तांबड्या पेशींबरोबर तळाला जातात.

फ्लोवाला:
इथंच तर गोम आहे. १.०७७ घनतेच्या फायकॉलवर साधे न्यूट्रोफिल खाली बसतात हे खरं, पण चेतवले गेले की तेही हलके होऊन वरच्या थरात येतात. सीडी११बी आहे, सीडी१५ आहे, सीडी१४ नाही, दोघांचंही हेच. २०१६ मध्ये लॉक्स-१ हा मार्कर पुढे आला, तो पॅनेलमध्ये (अँटिबॉडींच्या संचात) घाला, बरीच मदत होते. तरी माझं मत विचाराल तर नुसत्या गेटवर (फ्लोवर खुणांनुसार केलेल्या निवडीवर) एमडीएससी म्हणू नये. टी-पेशी सीएफएसईने (दर विभाजनाला फिका होणारा रंग) रंगवा, सीडी३-सीडी२८ विरुद्धच्या अँटिबॉडींनी चेतवा, शेजारी या पेशी ठेवा. विभाजन अडलं तरच त्या दडपणाऱ्या. ते दाखवलेलं नसेल तर ‘एमडीएससीसारख्या पेशी’ एवढंच लिहावं. रिव्ह्यूअर नाहीतर तिथंच धरतो.

अर्जिनेजप्रेमी:
फ्लोवाल्यांना दुजोरा. एक भर घालतो: मीडियम (पेशी वाढवण्याचं द्रावण) बघून घ्या. या पेशी अर्जिनेज-१ या विकराने एल-अर्जिनिन हे अमिनो आम्ल फस्त करतात, ते संपलं की टी-पेशींवरची सीडी३ झीटा साखळी (संदेश आत पोचवणारा भाग) घटते आणि विभाजन थंडावतं. पण आरपीएमआय-१६४० या मीडियममध्ये अर्जिनिन लिटरला २०० मिलिग्रॅम, म्हणजे प्लाझ्मातल्यापेक्षा जवळपास दसपट. एवढ्या सुकाळात अर्जिनेजचा परिणाम झाकला जाऊ शकतो. अर्जिनिन कमी केलेल्या मीडियममध्येही एक प्लेट लावून बघा.

नवी_पीएचडी:
आणि आधीच गोठवून ठेवलेल्या नमुन्यांचं काय करू? टाकवत नाहीत हो.

फ्लोवाला:
टाकताय कशाला! सीडी१४ वाल्यांची मोजणी त्यातून करा आणि गोठवलेल्या नमुन्यांवर केलीय हे पद्धतीत स्पष्ट लिहा. सीडी१५ चा रकाना मात्र कोरा ठेवा, शून्य भरू नका.