गायबगळ्याचे दोन डोळे: अंतर मोजायला की चोचीचा नेम धरायला?

माळरान: दोन्ही डोळ्यांनी एकत्र दिसतं म्हणून पक्ष्यांना अंतर कळतं, हे आपण सगळेच सांगत आलोय. मला ते आता पटत नाही. रविवारी शेतात रोटाव्हेटरमागे गायबगळे उतरले होते, मी बांधावर बसून होतो. एक बगळा दोन पावलं चालून थांबला, मान झुलवली आणि पायाशी आलेला नाकतोडा चोचीच्या टोकात अलगद उचलला. गायबगळ्याला दोन्ही डोळ्यांनी मिळून दिसणारा पट्टा रुंदीला जेमतेम २० अंशांच्या आसपास, पण वरून खाली १७० च्या घरात. मान न वाकवता त्याला स्वतःचे पाय दिसतात! ब्रिटिश अभ्यासक ग्रॅहम मार्टिन यांचं म्हणणं मला म्हणूनच पटतं: बहुतेक पक्ष्यांत ही दृष्टी चोच कुठे आणि कधी पोचणार यासाठी आहे. थापट्या बदक पाणी गाळून खातं, त्याला चोचीचा नेम धरावा लागत नाही. त्याचा पट्टा अगदी अरुंद, आणि डोक्यामागचंही त्याला दिसतं.

गव्हाणी: साफ असहमत. दोन्ही डोळ्यांच्या चित्रांतला फरक टिपणाऱ्या पेशी गव्हाणी घुबडाच्या मेंदूत १९७६ मध्येच सापडल्यात (पेटिग्रू आणि कोनिशी). तो फरक अंतर मोजण्यासाठी नाही तर कशासाठी? आणि अंतर न कळता चोच कधी उघडायची, हे बगळ्याला कोण सांगणार?

माळरान: घुबड मान्य. पण त्याचे डोळे समोर, बगळ्याचे बाजूला. एकावरून दुसरं ठरवू नका. चोच पुढे जाताना भक्ष्य डोळ्यात मोठं होत जातं. ते किती झपाट्याने वाढतंय यावरून टक्कर कधी होणार ते कळतं, आणि एवढ्याला एक डोळाही पुरतो. दोन्ही डोळे लागतात ते चोचीची दिशा मधोमध धरायला.

गच्चीवरची: मी कबुतरांना ज्वारी टाकते. मोबाइलवर स्लो मोशनमध्ये बघा: मान खाली येते, क्षणभर थांबते, मग टोच मारताना पापण्या मिटत येतात. म्हणजे नेम त्या थांबण्यातच ठरला. शेवटपर्यंत दाणा मोठा होताना ते बघतच नाही!

गव्हाणी: हेच तर! थांबतं ते अंतर घ्यायलाच. माळरान, तुमचा बगळाही टिपण्याआधी मान झुलवतोच की. मान हलली की जवळचं जास्त सरकतं, लांबचं कमी. अंतर काढायची हीसुद्धा एक रीत आहे. व्हिडिओ केला असेल तर टाका. झुलणं थांबल्यावर किती वेळाने चोच सुटते, ते मला मोजायचंय.